लष्करी न्यायासनापुढील मुले

जॉर्डन नदीच्या पश्चिमेस ऑलिव्हच्या बागांनी भरलेला जो डोंगराळ मुलूख आहे, त्याला जग ‘वेस्ट बँक’ म्हणजेच पश्चिम तीर ह्या नावाने ओळखते. तेथील एखाद्या उंच टेकडीवर उभे राहिले, तर बहुधा दोन वस्त्या एकाच वेळी दृष्टीस पडतात. खाली उतारावर पांढुरक्या दगडांची, सपाट गच्च्यांची, मशिदीच्या मनोऱ्याभोवती दाटलेली घरे. ते पॅलेस्टिनी अरबांचे गाव. वर माथ्यावर तांबड्या कौलांची, ओळीने बांधलेली, कुंपणाने वेढलेली घरे. ती इस्रायली नागरिकांची वसाहत. दोहोंच्या मधून एक रस्ता जातो. समजा, त्या रस्त्यावर तेरा वर्षांच्या दोन मुलांनी एकाच दिवशी एकाच प्रकारे धावत्या गाडीवर दगड फेकला. एक खालच्या गावातला, दुसरा वरच्या वसाहतीतला. कृत्य एक, स्थळ एक, वय एक. तथापि ह्या दोघांना पकडणारे हात निराळे, त्यांची चौकशी ज्या नियमांनी व्हावयाची ते नियम निराळे आणि ज्या न्यायाधीशापुढे त्यांना उभे करावयाचे तो न्यायाधीशही निराळा. वरच्या मुलाला इस्रायलचा नागरी कायदा आणि त्यातील बालकांच्या रक्षणाची सारी कलमे लागू होतात. खालच्या मुलाला लागू होतो तो सेनापतीने काढलेल्या हुकमांचा कायदा.

ही दुहेरी व्यवस्था १९६७ च्या जून महिन्यात जन्माला आली. सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने जॉर्डनच्या ताब्यातील पश्चिम तीर जिंकला आणि ७ जून रोजी तेथील सेनापतीने जाहीरनामा काढून कायदे करण्याची व अंमल चालविण्याची सर्व सत्ता आपल्या हाती घेतली. जिंकलेल्या मुलखात विजेत्याने लष्करी न्यायालये चालवावीत, ह्याला आंतरराष्ट्रीय कायद्याची सरसकट हरकत नाही. १९४९ चा चौथा जिनिव्हा करार तशी मुभा देतो. मात्र ती न्यायालये राजकारणापासून अलिप्त असावीत, ती व्याप्त प्रदेशातच भरावीत आणि शिक्षा झालेल्या कैद्याला त्याच प्रदेशात ठेवावे, अशा अटी तो घालतो. इस्रायली सेनेच्या तिसऱ्या क्रमांकाच्या हुकमात आरंभी ह्या कराराचा आदरपूर्वक उल्लेख होता. हुकूम आणि करार ह्यांत विरोध आल्यास करार श्रेष्ठ मानावा, असे त्यात म्हटले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात १४४ क्रमांकाच्या हुकमाने ते कलम गाळण्यात आले. एका कलमाची ही काटछाट पुढच्या अर्धशतकाहून अधिक काळाला पुरली.

वसाहतींतील इस्रायली नागरिकांसाठी मात्र १९६७ च्या जुलैतच वेगळी सोय झाली. तातडीचे म्हणून काढलेल्या विनियमांनी इस्रायलचा फौजदारी कायदा त्यांच्या पाठोपाठ व्याप्त प्रदेशात नेला. हे तातडीचे विनियम इस्रायली संसद, म्हणजे क्नेसेट, दर काही वर्षांनी नव्याने मंजूर करीत आली आहे. २०२२ च्या जून महिन्यात एकदा ती मंजुरी हुकली, आणि तीही वसाहतींच्या कैवारी पक्षांनी सरकार पाडण्याच्या डावात विरुद्ध मत दिल्यामुळे! थोड्याच दिवसांत ते सरकार गेले आणि २०२३ च्या जानेवारीत विनियम पुन्हा पाच वर्षांसाठी मंजूर झाले. पश्चिम तीरावरील सुमारे पाच लाख वसाहतवाल्यांना लष्करी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही, ती ह्या विनियमांमुळे. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी दिलेल्या सल्लादर्शक मतात ही सारी सत्ताच बेकायदा ठरविली आणि दोन समाजांना जवळजवळ पूर्णपणे विभक्त ठेवणारे कायदे व उपाय वंशभेदाविरुद्धच्या कराराचा भंग करतात, असे नोंदविले.

बालकांच्या बाबतीत ह्या विभक्तपणाचा अर्थ काय होतो, हे आकड्यांवरून थोडेफार कळते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या युनिसेफ ह्या बालसंस्थेने २०१३ च्या फेब्रुवारीत एक अहवाल प्रसिद्ध केला. मागील दहा वर्षांत बारा ते सतरा वयाची सुमारे ७,००० पॅलेस्टिनी मुले लष्कराने पकडली, तपासली आणि खटल्यास उभी केली, असा त्यात अंदाज होता. म्हणजे सरासरीने दररोज दोन मुले. ह्या मुलांना मिळणारी वाईट वागणूक हा एखाद्या उद्दाम शिपायाचा अपवाद नसून ती सर्वत्र आढळणारी, पद्धतशीर आणि संस्थेच्या अंगवळणी पडलेली आहे, असा निष्कर्ष त्या अहवालाने काढला. युनिसेफची भाषा एरवी फार जपून वापरलेली असते, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या तीन विशेषणांचे वजन कळते.

आरोप बहुधा दगडफेकीचाच असतो. १९८७ च्या डिसेंबरात पहिला इंतिफादा, म्हणजे उठाव, पेटला तेव्हापासून दगड हे तेथील पोरांचे शस्त्र आणि चिन्ह दोन्ही होऊन बसले आहे. लष्करी कायद्याप्रमाणे माणसावर वा मालमत्तेवर दगड फेकणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत आणि इजा करण्याच्या हेतूने धावत्या वाहनावर फेकणाऱ्यास वीस वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला सहा महिन्यांहून अधिक कैद देऊ नये, अशी मर्यादा आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ती मर्यादा एक वर्षाची. पण गुन्ह्याला पाच वर्षे किंवा अधिक शिक्षा सांगितली असेल तर ती मर्यादा उरत नाही, आणि दगडफेकीला ती सांगितलेली आहेच. प्रत्यक्षात शिक्षा काही आठवडे ते काही महिने इतक्याच होत आल्या आहेत. ह्या व्यवस्थेचा खरा भार शिक्षेच्या लांबीत नाही. तो अटकेनंतरच्या पहिल्या काही तासांत आहे, आणि म्हणून ते तास बारकाईने पाहावयास हवेत.

अटक बहुधा रात्री होते. दोन-तीनच्या सुमारास जीपगाड्या गावात शिरतात, दारावर धक्के बसतात, घरातील सर्वांना एका खोलीत गोळा केले जाते आणि ओळखपत्रे पाहून मुलाचे नाव पुकारले जाते. कोठे नेणार, हे आईबापांना अनेकदा सांगितले जात नाही. बरोबर येऊ देण्याचा तर प्रश्नच नसतो. मुलाच्या मनगटांभोवती प्लॅस्टिकची पट्टी आवळतात आणि डोळ्यांवर फडके बांधतात. ह्या पट्ट्यांविषयी लष्कराने २०१० साली एक नियम केला: हात पुढच्या बाजूस बांधावेत, एकीच्या जागी तीन पट्ट्या वापराव्यात आणि पट्टी व मनगट ह्यांच्यामध्ये एक बोट शिरेल इतकी फट ठेवावी. नियम इतका तपशीलवार करावा लागला, ह्यातच त्यापूर्वी काय होत असे ते येते. आणि पुढील वर्षांत नोंदविलेल्या जबान्यांतून हात मागे, एकाच पट्टीने, काचेल असे बांधल्याच्या तक्रारी येतच राहिल्या. मग गाडीच्या फरशीवर बसवून प्रवास. मध्ये एखाद्या लष्करी तळावर थांबा, कधी उघड्यावर, कधी थंडीत. पाणी नाही, शौचास जाऊ देणे नाही, असे ह्या जबान्यांत पुन्हापुन्हा आढळते. सकाळी मूल चौकशीच्या खोलीत पोहोचते, बहुधा एखाद्या वसाहतीतील पोलीस ठाण्यात, तेव्हा ते रात्रभराचे जागे, भुकेले आणि भ्यालेले असते.

त्या खोलीत त्याच्या बाजूचे कोणी नसते. इस्रायली मुलाच्या चौकशीच्या वेळी, काही अपवाद सोडता, आईला किंवा वडिलांना हजर राहण्याचा हक्क आहे आणि अगदी लहान मुलांची चौकशी रात्री आठनंतर सकाळी सातपर्यंत करावयाची नाही, असा नियम आहे. पॅलेस्टिनी मुलाला लष्करी कायद्याने असा पालकांचा हक्क दिलेला नाही. वकिलाशी बोलण्याचा हक्क कागदावर आहे. पण चौकशीपूर्वी तो बजावता आला, असे क्वचितच घडते. पुष्कळ मुलांना वकिलाचे पहिले दर्शन न्यायालयातच होते. बालकांना मारू नये, हे उभयपक्षी मान्य आहे. ‘डिफेन्स फॉर चिल्ड्रन’ ह्या संस्थेच्या पॅलेस्टिनी शाखेने २०१२ ते २०१५ ह्या चार वर्षांत ४२९ मुलांच्या जबान्या नोंदविल्या. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांनी अटकेपासून पुढे केव्हा ना केव्हा शारीरिक मारहाण झाल्याचे सांगितले. परंतु मारापेक्षा धाक अधिक चालतो. ‘बापाचा परवाना रद्द होईल’, ‘भावालाही उचलून आणू’, ‘कबूल कर म्हणजे घरी जाशील’, ह्या धर्तीची वाक्ये जबान्यांमागून जबान्यांत सापडतात. शेवटी पुढ्यात एक कागद येतो. तो पुष्कळदा हिब्रू भाषेत असतो, मुलाला ती वाचता येत नसते, आणि तरीही खाली त्याची सही असते. ह्याच बैठकीत त्याला गावातील आणखी मुलांची नावे विचारलेली असतात. ज्याने नावे दिली, त्याला परत त्याच गल्लीत राहावयाचे असते.

भारतीय श्रोत्याला ह्या कबुलीजबाबाचे महत्त्व समजावयास वेळ लागतो, कारण आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. हा दंडक कोण्या उदार स्वातंत्र्योत्तर संसदेने घातलेला नाही. तो १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात, म्हणजे परक्या सरकारच्या अमदानीत आला आणि २०२४ च्या जुलैपासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तसाच कायम आहे. पोलिसांच्या कोठडीत माणूस काहीही कबूल करतो, हे त्या साम्राज्यालाही दीडशे वर्षांपूर्वी कळले होते. आपल्या २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे तर आरोपी मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवताच येत नाही आणि चोवीस तासांच्या आत बालन्याय मंडळापुढे न्यावे लागते. हे सारे आपल्या ठाण्यांत रोज पाळले जाते असे कोणी म्हणणार नाही. परंतु न पाळणारा कायदा मोडतो. तेथे पोलिसापुढील कबुली हाच कायद्याचा आधार आहे.

कबुली हाती आली की पुढचे काम गणिताचे उरते. रामल्लाजवळ ओफेर आणि जेनिनजवळ सालेम येथे लष्करी न्यायालये भरतात. ओफेरच्या तळावर लहान तयार खोल्यांतून ही न्यायदानाची दालने मांडलेली आहेत. तुरुंगाच्या तपकिरी कपड्यांतील मुले पायांत बेड्या घालून आत आणली जातात. न्यायाधीश गणवेशात, अभियोक्ता गणवेशात, अरबीत भाषांतर करून सांगणाराही गणवेशातला शिपाई. मागच्या बाकावर आईबाप. मुलाला पाहण्याची त्यांची ही पहिली संधी असते, पण बोलणे खुणांनीच होते. वकील त्यांना जे गणित समजावून सांगतो ते असे. खटला लढवावयाचा तर साक्षी-पुरावे होईपर्यंत काही महिने, कदाचित वर्ष जाईल. जामीन मिळण्याचा संभव थोडा, म्हणजे तो सारा काळ मुलगा तुरुंगातच राहील. उलट गुन्हा कबूल करून अभियोक्त्याशी तडजोड केली तर तीन-चार महिन्यांत तो घरी येईल. निर्दोष सुटण्याची वाट दोषी ठरण्याच्या वाटेहून लांब, असा हा हिशेब आहे. तो एकदा ऐकल्यावर कोणते आईबाप खटला लढवतील?

बेत्सेलेम ही इस्रायलमधीलच मानवी हक्कांची संस्था. तिने २०११ साली लष्कराच्या स्वतःच्या नोंदींवरून जी माहिती काढली, ती ह्या गणिताचे उत्तर सांगते. २००५ ते २०१० ह्या सहा वर्षांत दगडफेकीच्या आरोपावरून किमान ८३५ अल्पवयीनांवर खटले झाले. त्यांपैकी ३४ मुले बारा-तेरा वर्षांची, २५५ चौदा-पंधरा वर्षांची आणि ५४६ सोळा-सतरा वर्षांची होती. निर्दोष सुटला तो एक. लष्करी न्यायालयांच्याच एका अहवालाप्रमाणे २०१० साली लहान-थोर सर्व आरोपी मिळून दोषी ठरण्याचे प्रमाण ९९.७४ टक्के होते. एवढे यश जगातील कोणत्याही कार्यक्षम पोलीसदलाला लाभलेले ऐकिवात नाही, आणि ते पोलिसांच्या तपासाचे यश नव्हेच.

ह्या तडजोडीचे सर्वांत गाजलेले उदाहरण अहेद तमीमी हिचे. नबी सालेह गावची ही सोळा वर्षांची मुलगी. २०१७ च्या डिसेंबरात घराच्या अंगणात आलेल्या इस्रायली शिपायाला तिने थप्पड मारली आणि ते दृश्य जगभर दिसले. त्याआधी थोडाच वेळ तिच्या पंधरा वर्षांच्या चुलतभावाच्या तोंडावर रबरी आवरणाची गोळी लागली होती. चार दिवसांनी पहाटेच्या अंधारात तिला घरातून नेण्यात आले. तिचा खटला उघड्या न्यायालयात चालावा, अशी तिच्या वकील गाबी लास्की ह्यांची मागणी होती. बालकांचे खटले बंद दाराआडच चालावयाचे, ह्या बालहिताच्या नियमाचा आधार घेऊन ती नाकारण्यात आली. बालहिताची इतर कलमे ज्या दालनात सहसा ऐकू येत नाहीत, तेथे हे एक कलम मात्र तत्परतेने आठवले. २०१८ च्या मार्चमध्ये तडजोड झाली, आठ महिन्यांची शिक्षा ठरली, आणि सतरावा वाढदिवस तुरुंगात काढून ती जुलैत सुटली. तिला निदान जगाने पाहिले होते. इतरांच्या वेळी छायाचित्रकार नसतो.

इस्रायलची बाजू ऐकल्याविना हे विवेचन पुरे होणार नाही. दगड हे खेळणे नव्हे, असे ते राज्य म्हणते, आणि ते खोटे नाही. २०११ च्या सप्टेंबरात हेब्रॉनजवळ धावत्या मोटारीवर आदळलेल्या दगडामुळे एक तरुण बाप आणि त्याचे वर्षाचे मूल प्राणास मुकले. २०१५ च्या शरद ऋतूत चाकूहल्ल्यांची लाट आली, तीत काही हल्लेखोर शाळकरी वयाचे होते. आपला नागरी कायदा व्याप्त प्रदेशातील अरबांना लावणे म्हणजे तो प्रदेश खालसा करणे होईल, असाही एक कायदेशीर युक्तिवाद केला जातो. पहिल्या मुद्द्याला उत्तर असे की गंभीर गुन्ह्याला गंभीर शिक्षा असावी, ह्याविषयी वाद नाहीच; वसाहतीतील मुलाने तोच गुन्हा केला तरी तो गंभीरच असतो, आणि तरीही त्याची चौकशी आईबापांसमक्ष होते. दुसऱ्या मुद्द्याविषयी इतकेच म्हणता येईल की इस्रायली कायदा जसाच्या तसा न लावताही त्यातील रक्षणे सेनापतीच्या एका सहीने हुकमात घालता येतात. काही तशी घातलीही गेली आहेत.

ती कोणती, हे पाहणे उद्बोधक आहे. २००९ साली १६४४ क्रमांकाच्या हुकमाने बालकांसाठी वेगळे लष्करी न्यायालय स्थापन झाले. युनिसेफच्या म्हणण्याप्रमाणे जगात असे न्यायालय दुसरे नाही. ते भरते मात्र त्याच इमारतींत. २०११ पर्यंत पॅलेस्टिनी मूल सोळाव्या वर्षी सज्ञान मानले जाई आणि इस्रायली मूल अठराव्या. त्या वर्षी ही मर्यादा दोघांनाही अठरा झाली. पूर्वी अटकेनंतर आठ दिवसांपर्यंत न्यायाधीशापुढे न नेण्याची मुभा होती. ती कमी होत २०१३ च्या एप्रिलपासून बारा-तेरा वर्षांच्या मुलाला २४ तास, चौदा-पंधरासाठी ४८ आणि सोळा-सतरासाठी ९६ तास अशी झाली. इस्रायली मुलासाठी हेच आकडे बारा आणि चोवीस तास असे आहेत. इस्रायली वकिलांच्या व संस्थांच्या चिकाटीशिवाय हे बदल झाले नसते, आणि त्याबद्दल त्यांना श्रेय द्यावयास हवे.

पण चौकशीच्या खोलीचे दार ह्या सुधारणांनी उघडले नाही. २०१४ च्या सप्टेंबरात निघालेल्या १७४५ क्रमांकाच्या हुकमाने मुलांच्या चौकशीचे ध्वनिचित्रमुद्रण आवश्यक केले आणि ‘सुरक्षाविषयक’ गुन्हे त्यातून वगळले. दगडफेक हा सुरक्षाविषयक गुन्हा आहे. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत रात्री अटक करण्याऐवजी समन्स देऊन बोलाविण्याचा प्रयोग सुरू झाला. अनेक ठिकाणी शिपाई ते समन्स मध्यरात्रीनंतर घरी येऊन देऊ लागले! न्यायालय, वय, मुदती ह्या साऱ्यांत फरक पडला. पहिले काही तास जसेच्या तसे राहिले, आणि कबुली त्या तासांतच मिळते. २०११ साली ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या साहाय्याने सर स्टीफन सेडली आदी नामवंत विधिज्ञांचे एक मंडळ तेथे जाऊन आले. बालहक्क कराराचा सहा बाबतींत भंग होत असल्याचे त्यांनी दाखवून दिले आणि त्यामागच्या एका धारणेचीही नोंद केली. प्रत्येक पॅलेस्टिनी मूल हे भावी दहशतवादी होय, अशी ती धारणा. ती एका लष्करी अभियोक्त्याने त्यांच्यापुढे बोलून दाखविली होती. हा बालहक्क करार इस्रायलने १९९१ साली स्वीकारला आहे, आणि मुलाची कैद हा अगदी अखेरचा व अल्पतम काळाचा उपाय असावा, असे त्याचे सदतिसावे कलम सांगते.

ज्यांच्याविरुद्ध कबुलीही नसते, त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग आहे: आरोप न ठेवता, खटला न चालविता सहा-सहा महिन्यांच्या हुकमांनी कैदेत ठेवणे. पुरावा गुप्त असतो. तो मुलाच्या वकिलालाही दाखवीत नाहीत. ह्या स्थानबद्धतेचे मूळ १९४५ साली ब्रिटिशांनी पॅलेस्टाईनसाठी केलेल्या संरक्षण विनियमांत आहे. त्यांच्याच सरकारने १९१९ साली हिंदुस्थानात रौलट कायदा केला होता. ‘ना वकील, ना दलील, ना अपील’ असे त्याचे वर्णन तेव्हा लोकांच्या तोंडी झाले. (स्वतंत्र भारतानेही प्रतिबंधक स्थानबद्धता आपल्या घटनेच्या बाविसाव्या कलमात ठेवून घेतली, हेही ह्या ठिकाणी सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.) २०१५ च्या ऑक्टोबरपूर्वीची सुमारे चार वर्षे पश्चिम तीरावर एकही मूल असे स्थानबद्ध नव्हते. २०२५ साली अशी मुले शंभराहून अधिक होती आणि लष्करी कैदेतील एकूण मुलांची संख्या तीनशेच्या वर गेली होती.

ही वाढ ७ ऑक्टोबर २०२३ नंतरची आहे. हमासने त्या दिवशी इस्रायलमध्ये केलेल्या भीषण कत्तलीत आणि अपहरणांत मुलेही सुटली नव्हती. त्यानंतर गाझावर जे युद्ध कोसळले त्याची कथा निराळी. तुरुंगांच्या आत मात्र जे थोडेफार झरोके होते तेही बुजले. कुटुंबीयांच्या भेटी बंद झाल्या. पूर्वी रेडक्रॉस संस्था कैद्यांना भेटे आणि निरोप पोहोचवी. तिलाही प्रवेश नाकारण्यात आला, आणि २०२४ व २०२५ ही वर्षे तशीच गेली. २०२३ च्या नोव्हेंबरातील अल्प युद्धविरामात ओलिसांच्या मोबदल्यात २४० पॅलेस्टिनी स्त्रिया व अल्पवयीन सुटले. त्यांतील पुष्कळांवर कोणताही गुन्हा शाबीत झालेला नव्हता. बाहेर आलेल्यांनी अपुरे अन्न, मारहाण, दाटी आणि खरजेची साथ ह्यांविषयी सांगितले. मार्च २०२५ मध्ये मेगिद्दो येथील तुरुंगात सतरा वर्षांचा एक मुलगा मरण पावला. सहा महिने तो आत होता आणि त्याचा खटला निकालात निघालेला नव्हता. शवचिकित्सेच्या वेळी हजर असलेल्या इस्रायली डॉक्टराच्या टिपणात दीर्घकाळच्या उपासमारीची चिन्हे नमूद होती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला की सरकार पॅलेस्टिनी कैद्यांना जगण्यापुरते अन्न पुरविण्याचे कर्तव्य पाळीत नाही; ते पाळावे.

मेगिद्दो पश्चिम तीरावर नाही. ते इस्रायलच्या हद्दीत आहे. चौथ्या जिनिव्हा कराराला हे स्थलांतर मान्य नाही, ही गोष्ट वर आलीच आहे. तिचा व्यवहारातील अर्थ असा, की २०२३ पूर्वीही मुलाला भेटावयाचे तर आईला इस्रायलमध्ये प्रवेशाचा परवाना काढावा लागे. तो यावयास इतके आठवडे लागत की थोडक्या मुदतीची शिक्षा अनेकदा भेटीपूर्वीच संपून जाई. ही सारी हकीगत नोंदविणाऱ्यांच्या वाटेतही अडथळे आले. ‘डिफेन्स फॉर चिल्ड्रन’ची पॅलेस्टिनी शाखा इस्रायलने २०२१ च्या ऑक्टोबरात दहशतवादी म्हणून जाहीर केली आणि पुढील वर्षीच्या ऑगस्टात तिच्या कचेरीवर धाड घातली.

सुटून आलेल्या मुलाच्या मागे दंड आणि काही वर्षांची तहकूब शिक्षा राहते. त्या मुदतीत पुन्हा पकडले गेल्यास तीही भोगावी लागते. वर्गातील सोबती पुढे गेलेले असतात आणि मागल्या बाकावर लहान मुलांत बसणे जिवावर येते. पुष्कळजण शाळा सोडतात. काहींना अंथरूण ओले होण्याचा त्रास जडतो, तो पंधराव्या-सोळाव्या वर्षी. दाराशी गाडी थांबली की घरातील धाकटी भावंडेही जागी होतात. बेथलेहेमच्या शेजारी बेत साहूर ह्या गावी ‘वायएमसीए’ संस्थेने अशा मुलांसाठी एक केंद्र चालविले आहे. तेथील समुपदेशक मुलांच्या घरी जातात, शाळेच्या मुख्याध्यापकाशी बोलतात, आणि ज्याला शाळेत परतावयाचे नाही त्याला एखाद्या धंद्याच्या शिक्षणाला लावून देतात.